अर्धवट राहिलेल्या गेमचं एक्सपान्शन घ्यावं का?

एका वाचकाचा प्रश्न: तलवारी आणि जादूच्या जगातला एक मोठा आरपीजी (एका पात्राची भूमिका घेऊन खेळायचा कथाप्रधान गेम) ते ९४ तास खेळले. मुख्य कथा साधारण दोन-तृतीयांश झाली. तिसऱ्या प्रदेशातल्या एका बॉसपाशी, म्हणजे वाट अडवणाऱ्या मोठ्या शत्रूपाशी, अडकले, त्याच सुमारास नोकरी बदलली, घरात बाळ आलं आणि गेम मागे पडला. त्याला चौदा महिने झाले. आता त्याच गेमचं मोठं एक्सपान्शन, म्हणजे वेगळे पैसे देऊन घ्यायची पुरवणी, येतंय, किंमत मूळ गेमच्या दोन-तृतीयांश. मित्रांच्या ग्रुपमधल्या चौघांनी प्री-ऑर्डर केलंय. ‘चाळीस तासांचा ऐवज आहे, तासाचा भाव काढलास तर फुकटच पडतं’ असं ते सांगतात. वाचकाला सध्या आठवड्याला पाच-सहा तासच मोकळे मिळतात. ते लिहितात, “इतके तास घातलेत, एक्सपान्शन घेतलं नाही तर ते सगळं वाया गेल्यासारखं वाटेल. पण घेतलं आणि नुसतं पडून राहिलं तर? पावसात जंगलातल्या वाटेने घोड्यावरून जाताना लांबच्या बुरुजावरची घंटा ऐकू यायची, ते अजून आठवतं. घेऊ की नको, एवढंच सांगा.”

प्रिय वाचक,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. एक्सपान्शनमध्ये नवीन काय आहे, याबद्दल त्यात एक ओळसुद्धा नाही. नवा प्रदेश कसा दिसतो, कथा कोणाची आहे, त्यातल्या कुठल्या गोष्टीने तुमचं लक्ष वेधलं, काहीच नाही. किंमत आहे, तास आहेत, मित्र आहेत. मन लावून लिहिलेलं वाक्य एकच, पावसातल्या वाटेचं. आणि ती वाट तुमच्याकडे आधीपासून आहे. तिचे पैसे तुम्ही कधीच मोजलेत.

म्हणून माझं मत आधीच सांगते: प्री-ऑर्डर करू नका. एक्सपान्शन पुढे कदाचित घ्याल, आणि घेतलंत तर मला आनंदच होईल. पण आज तुमच्या हातात जी माहिती आहे तिच्यावर हा निर्णय होऊ शकत नाही. ती माहिती ट्रेलरमध्ये किंवा रिव्ह्यूमध्येही मिळायची नाही. ती तुमच्या चौदा महिने जुन्या सेव्हमध्ये, म्हणजे थांबलात तिथे साठवून ठेवलेल्या खेळात, आहे. तिकडे येतेच, पण आधी मित्रांच्या हिशेबाबद्दल बोलू, कारण हा हिशेब मला बऱ्याच पत्रांतून भेटतो.

किंमत भागिले तास. ऐकायला बिनतोड वाटतं. पण यात प्रत्येक तास सारखाच धरलेला असतो, आणि आरपीजी खेळणाऱ्या कुणालाही ठाऊक असतं की तसं नसतं. नकाशावरची प्रश्नचिन्हं एकेक करून पुसत बसण्याचा तास आणि एखाद्या पात्राने विश्वासघात केल्यावर कंट्रोलर खाली ठेवून गप्प बसण्याचा तास, यांना एकाच भावाने कसं मोजणार? ‘द विचर ३’ या आरपीजीचं उदाहरण घ्या. त्याला दोन एक्सपान्शन आली. ऑक्टोबर २०१५ मध्ये ‘हार्ट्स ऑफ स्टोन’, कंपनीने आधी सांगितलेली लांबी सुमारे १० तास. मे २०१६ मध्ये ‘ब्लड अँड वाइन’, सुमारे २० तास आणि तूसाँ नावाचा अख्खा नवा प्रदेश. तासांच्या तराजूत दुसरं सरळ दुप्पट भरतं. पण पहिल्यातली गॉन्टर ओ’डिम या गूढ पात्राची गोष्ट, जी बहुतेक जुन्याच नकाशावर घडते, ती माझ्या लेखी त्या सगळ्या गेममधली सर्वांत घट्ट विणलेली कथा आहे. मला कुणी ‘यातलं एकच ठेव’ म्हटलं तर मी छोटंच ठेवेन. तुम्ही कदाचित मोठं ठेवाल, कारण तुम्हाला वाटा आवडतात. दोघांचंही बरोबर, आणि तासांचा आकडा दोघांच्याही कामाचा नाही.

तुमच्या बाबतीत तर हा हिशेब उलटाच पडतो. तुमच्याकडे पैशांपेक्षा वेळ कमी आहे. मूळ कथेचा दोन-तृतीयांश भाग ९४ तासांत झाला, म्हणजे त्याच वेगाने उरलेल्या भागाला साधारण ४७ तास लागतील. त्यात एक्सपान्शनचे ४० मिळवा. आठवड्याला साडेपाच तास धरले तर हे जवळजवळ सोळा आठवड्यांचं काम झालं. म्हणजे बाळ झोपल्यावर मिळणारी प्रत्येक संध्याकाळ चार महिने याच एका गेमला. हे वाचून तुम्हाला बरं वाटलं, की छातीवर ओझं आल्यासारखं वाटलं? त्या पहिल्या प्रतिक्रियेवर माझा बराच विश्वास आहे.

आता ‘इतके तास घातलेत’ या वाक्याकडे. ते ९४ तास म्हणजे कुठे गुंतवलेली ठेव नाही, की पुढचा हप्ता भरला नाही तर बुडेल. खेळलात त्याच वेळी ते वसूल झाले. ती घंटा तुम्हाला चौदा महिन्यांनीही ऐकू येते, यापेक्षा जास्त वसुली कोणत्या गेमकडून मागायची? गेम पूर्ण न करता सोडणं हा तुमच्यावरचा डाग नाही. त्यामुळे ‘वाया जाईल’ हे कारण यादीतून काढून टाका. मग घेण्यासारखं कोणतं कारण उरतं ते बघा. काही तरी उरेल असा माझा अंदाज आहे.

पुढचा प्रश्न कोरडा वाटेल, पण अर्धवट गेम असलेल्या प्रत्येकाने तो पैसे देण्याआधी विचारायलाच हवा: या एक्सपान्शनचं दार कुठे आहे, आणि मी त्या दारापासून किती लांब आहे?

‘एल्डन रिंग’चं ‘शॅडो ऑफ द अर्डट्री’ २१ जून २०२४ ला आलं. त्यात शिरायचं तर मूळ गेममधले राडान आणि मोग हे दोन बॉस हरवलेले असावे लागतात. त्यातला मोग मुख्य कथा संपवण्यासाठी गरजेचा नाही, तो आडवाटेला आहे, आणि चांगलाच कठीण आहे. त्यामुळे मूळ गेम पूर्ण केलेल्या खेळाडूलासुद्धा विकत घेतलेल्या एक्सपान्शनच्या उंबरठ्यावर थांबावं लागू शकतं. याच्या अगदी उलट ‘ब्लड अँड वाइन’. तिथे मुख्य मेनूतूनच योग्य लेव्हलचा तयार गेराल्ट (त्या गेमचा नायक) घेऊन थेट सुरुवात करता येते. ‘सायबरपंक २०७७’च्या ‘फँटम लिबर्टी’मध्येही तशी थेट उडी मारायची सोय आहे. आणि त्याची एक गंमत लक्षात घ्या: ती कथा मूळ कथेच्या मधोमध घडते आणि मूळ गेमला आणखी एक शेवट जोडते. म्हणजे अशा गेममध्ये अर्धवट थांबलेला माणूस खरं तर योग्य जागी थांबलेला असतो. शेवट गाठलेल्याला जुना सेव्ह उघडून मागे जावं लागतं, तुम्हाला लागणार नाही.

काही एक्सपान्शन मात्र सरळसरळ ‘नंतर’ची असतात. ‘बाल्डर्स गेट २’चं २००१ मधलं ‘थ्रोन ऑफ भाल’ मूळ कथा संपते तिथून पुढे जातं आणि तिचा निकाल लावतं. मूळ कथा अर्धी टाकून तिकडे जाण्यात काही अर्थ नाही. ‘फायनल फँटसी १४’सारख्या ऑनलाइन गेममध्ये तर नव्या एक्सपान्शनची कथा गाठायची तर आधीची सगळी कथा क्रमाने पूर्ण करावी लागते, किंवा ती ओलांडण्यासाठी वेगळे पैसे मोजावे लागतात. तुमचं एक्सपान्शन यातल्या कोणत्या जातीचं आहे, हे कंपनीच्या माहितीत एका वाक्यात सापडतं. ते वाक्य शोधा. बॉसपाशी अडकलेल्या माणसासाठी संपूर्ण ट्रेलरपेक्षा ते जास्त मोलाचं आहे.

दाराचा संबंध रिफंडशीही आहे, आणि इथे बरेच जण फसतात. स्टीम या ऑनलाइन दुकानात डीएलसीचा (गेमच्या वेगळ्या विकत घ्यायच्या जादा भागाचा, म्हणजे एक्सपान्शनचाही) रिफंड खरेदीपासून १४ दिवसांत मागता येतो, पण अट अशी की खरेदीनंतर मूळ गेम दोन तासांपेक्षा कमी खेळलेला असावा. घड्याळ मूळ गेमचं चालतं. म्हणजे तुम्ही आज एक्सपान्शन घेतलंत आणि त्याच्या दारापर्यंत पोचण्यासाठी त्या बॉसशी तीन संध्याकाळ झुंजलात, तर नवा प्रदेश डोळ्यांनी पाहण्याआधीच रिफंडचा हक्क गेला. प्लेस्टेशनच्या स्टोअरवर तर डाउनलोड सुरू केलं की साधारणपणे परतीची वाट बंद होते. गॉग हे ऑनलाइन दुकान तुलनेने उदार आहे, तिथे खेळल्यानंतरही ३० दिवसांपर्यंत मुभा असते. तेव्हा नियम सोपा ठेवा: दारात उभे राहा, मग विकत घ्या.

प्री-ऑर्डरसोबत मिळणाऱ्या भेटीचाही मोह नको. ‘शॅडो ऑफ द अर्डट्री’च्या प्री-ऑर्डरवर आपल्या पात्राला करता येणारा एक खास हावभाव मिळत होता, आणि तोच हावभाव पुढे खेळता खेळताही मिळवता येणार होता. डिजिटल वस्तू संपत नाही, तिच्यासाठी रांग लावायची गरज नाही.

आता तुमच्या सेव्हकडे येते.

एक्सपान्शन येण्याच्या सुमारास कंपनी बहुतेकदा मूळ गेमलाही मोठा मोफत पॅच (सुधारणा) देते, आणि कधी कधी अर्धं नवेपण त्या फुकटच्या भागातच असतं. ‘डायब्लो ३’चं ‘रीपर ऑफ सोल्स’ मार्च २०१४ मध्ये आलं, पण शत्रूंकडून मिळणाऱ्या वस्तूंची व्यवस्था मुळापासून बदलणारा पॅच त्याआधी फेब्रुवारीतच सगळ्यांना मिळाला होता. ‘फँटम लिबर्टी’ २६ सप्टेंबर २०२३ ला आलं. त्याच्या पाच दिवस आधी आलेल्या २.० अपडेटने पर्क (पात्राची खास कौशल्यं), पोलीस, सायबरवेअर (शरीरात बसवायची यंत्रं) सगळं नव्याने बसवलं, तेही एक्सपान्शन न घेणाऱ्यांसाठीसुद्धा. तुमच्या गेमला असा पॅच येत असेल तर तो उतरवून घ्या. आधी सेव्हची एक प्रत बाजूला ठेवा आणि मॉड (चाहत्यांनी बनवलेले बदल) वापरत असाल तर ते बंद करा, कारण मोठ्या पॅचनंतर जुने मॉड हमखास बिनसतात.

मग गेम उघडा. आणि कृपा करून त्या बॉसकडे जाऊ नका.

हे मी अनुभवाने सांगतेय. मी एकदा दहा महिन्यांच्या खंडानंतर एका अवघड आरपीजीकडे परतले. सेव्ह उघडला तो थेट एका किल्ल्याच्या मध्यावर. ढाल कोणत्या बटणावर होती ते आठवेना, पिशवीत साठ वस्तू होत्या, त्यातल्या निम्म्या कशासाठी जमवल्या तेही आठवेना. तासाभरात चारदा मेले आणि गेम बंद केला. मन उडालंय आपलं, असं मी अगदी खात्रीने ठरवलं होतं. दोन दिवसांनी सहज म्हणून पुन्हा उघडला, सुरुवातीच्या गावाजवळ गेले आणि दुबळ्या शत्रूंमध्ये अर्धा तास नुसती तलवार फिरवली. हात बसला. पुढच्या दीड महिन्यात तो गेम मी पूर्ण केला, आणि तो माझ्या सर्वांत आवडत्या गेमपैकी एक आहे. मन उडालेलं नव्हतंच, हात विसरला होता. बाहेरून या दोन्ही गोष्टी हुबेहूब सारख्या दिसतात, आणि चुकीची ओळखली तर माणूस आवडती गोष्ट कायमची सोडून देतो.

म्हणून तीन संध्याकाळ द्या, मोजून तीन. पहिल्या दिवशी सोप्या प्रदेशात जा, बटणं आठवा, क्वेस्टची (कामगिऱ्यांची) नोंदवही वाचा, पिशवीतला पसारा विकून टाका. गेममध्ये रिस्पेकची, म्हणजे पात्राची कौशल्यं नव्याने निवडायची, सोय असेल तर जुना गुंतागुंतीचा बिल्ड (कौशल्यं आणि शस्त्रांची जुळणी) मोडून सरळसाधा घ्या. आठ मंत्रांचा क्रम चौदा महिन्यांनी आठवणार नाही, एक चांगली तलवार आठवेल. दुसऱ्या दिवशी एखादी छोटी साइड क्वेस्ट पूर्ण करा, जिला सुरुवात आणि शेवट दोन्ही आहे. तिसऱ्या दिवशी हवं ते करा. आणि तिसऱ्या दिवशी तुम्ही काय केलंत ते नीट बघा. कथा पुढे न्यावीशी वाटली? नवा बिल्ड जुळवत बसलात? की घोडा घेऊन फिरलात?

त्यावरून तुमचं उत्तर वेगवेगळं येईल. फिरण्यात रमलात तर नवा प्रदेश देणारं एक्सपान्शन तुमच्यासाठीच आहे, पण घाई नाही, कारण मूळ नकाशाचाही बराच भाग तुम्ही अजून पाहिलेला नसणार. तो आधी बघा, फुकट आहे. बिल्डमध्ये रमलात तर एक्सपान्शन पात्रांचे नवे वर्ग, नवी शस्त्रं, नवी कौशल्यं देतं का ते पाहा, आणि मुख्य म्हणजे ती मूळ गेममध्ये वापरता येतात का तेही. येत असतील तर लगेच घेण्यात खरंच अर्थ आहे, कारण तुमचे उरलेले ४७ तासही त्याने ताजे होतील. कथेची ओढ लागली तर आधी मूळ कथा संपवा. अपवाद फक्त मधोमध घडणाऱ्या एक्सपान्शनचा.

आणि तिसऱ्या संध्याकाळी गेम उघडायचाच राहून गेला, तर तेही उत्तरच आहे. वाईट वाटून घेऊ नका.

बॉसचंही एक सांगते. तुम्ही तिथे अडकलात आणि आयुष्य आडवं आलं, हे दोन्ही एकाच वेळी घडलं असं तुम्ही लिहिता. बाळ नसतं तरी तुम्ही तिथेच थांबला असतात का, याचा प्रामाणिकपणे विचार करा. कारण एक्सपान्शनमधली आव्हानं बहुधा मूळ गेमच्या शेवटाला शोभतील अशी रचलेली असतात, सोपी नसतात. ‘शॅडो ऑफ द अर्डट्री’ने तर मूळ गेममध्ये कमावलेल्या लेव्हलचा भाव उतरवला आणि नव्या प्रदेशातच गोळा करायच्या तुकड्यांवर ताकद बेतली. भरपूर लेव्हल घेऊन गेलेले लोकही पहिल्या दिवशी चक्रावले. तुमच्या गेममध्ये काठिण्य कमी करायची सोय असेल तर ती बिनदिक्कत वापरा. आठवड्याला साडेपाच तास असणाऱ्या माणसाने एका बॉसवर तीन आठवडे घालवावेत, असा कुठलाही मान नाही.

मित्रांबद्दल तुम्ही थोडं ओशाळून लिहिलंय, जणू त्यांच्यामुळे घ्यावंसं वाटणं म्हणजे कमकुवतपणा. मला तसं वाटत नाही. पाच जण एकाच आठवड्यात एकाच दरीत हरवलेले असणं आणि रात्री त्यावर तावातावाने बोलणं, हा या छंदातला एक मोठा आनंद आहे आणि तो नंतर सेलमध्ये मिळत नाही. तेवढ्यासाठी कुणी पूर्ण किंमत मोजली तर मी त्याला वेडा म्हणणार नाही. पण तुमच्या बाबतीत तो आनंद मिळेल का? ते चौघे पहिल्या दिवशी नव्या प्रदेशात असतील आणि तुम्ही तिसऱ्या प्रदेशातल्या त्याच बॉससमोर. ते महिन्याभरात संपवतील. तुम्हाला गप्पा कमी आणि स्पॉयलर जास्त मिळतील. त्यांना सरळ सांगा की मी मागून येतोय, माझ्यासमोर शेवटाबद्दल बोलू नका. चांगले मित्र एवढं पाळतात. शिवाय तुम्ही पोचाल तेव्हा तुमच्या डोळ्यांनी तो प्रदेश पुन्हा पाहायला त्यांना आवडेलच.

रिव्ह्यू वाचाल तेव्हा गुणांकडे बघू नका, तक्रारी वाचा. ‘फार अवघड’, ‘फार पसरट’, ‘लढाया कमी आणि बोलणंच जास्त’ यातली कोणती तक्रार तुम्हाला चालते, किंवा हवीहवीशी वाटते, ते पाहा. पहिल्या आठवड्यातल्या रागाला थोडं वजन कमी द्या. ‘शॅडो ऑफ द अर्डट्री’च्या काठिण्यावरून सुरुवातीला गदारोळ झाला आणि काही दिवसांतच पॅच देऊन सुरुवातीच्या तुकड्यांची ताकद वाढवण्यात आली. तेव्हा आधीचे आणि नंतरचे रिव्ह्यू वेगळ्या गेमबद्दल बोलत होते म्हणा ना. सगळ्यांत उपयोगी म्हणजे एक्सपान्शनच्या पहिल्या तासाचं, कुणी मध्ये न बोलता केलेलं वीस मिनिटांचं चित्रण. तेवढं पाहून हात शिवशिवले, तर शिवशिवले.

तांत्रिक बाजू झटपट तपासा: डिस्कवर जागा आहे का, आणि तुमच्या मशीनवर ते चालतं का. ‘फँटम लिबर्टी’ प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वनवर आलंच नाही, मूळ गेम तिथे असूनही. काही कन्सोलवर डिस्क एका प्रदेशाची आणि डीएलसी दुसऱ्या प्रदेशाच्या स्टोअरचं असेल तर ते बऱ्याचदा एकमेकांना ओळखत नाहीत, हेही ध्यानात ठेवा. आणि ज्या वाचकांनी मूळ गेमच अजून घेतलेला नाही त्यांनी थोडं थांबावं. ‘द विचर ३’ची सगळं एकत्र असलेली आवृत्ती शेवटच्या एक्सपान्शननंतर तीन महिन्यांत आली, ‘सायबरपंक’ची तर त्याहूनही लवकर.

तर या आठवड्यात खरेदीचं पान बंद करा आणि पॅच उतरायला लावा. पहिल्या संध्याकाळी सेव्ह उघडलात की बॉसच्या गुहेतून बाहेर या, घोड्याला हाक मारा आणि त्या जंगलातल्या वाटेला लागा. पाऊस नसेल तर पडेपर्यंत थांबा. घंटा ऐकू आली की मला कळवा, मग एक्सपान्शनबद्दल पुन्हा बोलू.